उन्हाळ्यापुरती बंद

अकोल्यात वैशाखात तळपाय जळतात असं कुणी सांगितलं, तर लोक त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघतात. जळणार नाहीत तर काय होणार? म्हणून माझी धाकटी बहीण पहिल्यांदा म्हणाली की पाय जळतात, तेव्हा मी वह्या तपासत होते आणि मान वर न करता म्हणाले, पाण्यात ठेव.

ती सतरा वर्षांची होती आणि तिला क्षय होता. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, शाळेत मास्तरीण. वडील बाळापूरला शिपाई होते, शनिवारी यायचे. एरवी घरात माय आणि आम्ही दोघी. आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि वस्तीत शिकलेल्या पोरीच्या शब्दाला भलतंच वजन आलं होतं. अर्ज कसा करायचा, पोराचं नाव काय ठेवायचं, सगळं लोक मला विचारायचे. मी त्यानं फुशारून गेले होते, खोटं कशाला बोलू.

क्षय म्हटला की आमच्याकडे माणसाचं ताट वेगळं व्हायचं आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक असायचं. आमची आत्या तशीच गेली. पण बहिणीला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की ते दिवस गेले. परदेशात नवी औषधं निघालीत, आता माणूस बरा होतो. डॉक्टर साताऱ्याकडचे, तरुण, शांत बोलणारे. तीन महिने तिला ठेवून घेतलं, रोज सुई दिली. मग बारीक पांढऱ्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. दीड वर्ष घ्यायच्या, एक दिवस चुकवायच्या नाहीत, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. मी मास्तरणीच्या तोऱ्यात म्हटलं, नाही चुकणार.

फाल्गुनापर्यंत नाही चुकल्या. तिचा खोकला थांबला, गालावर मांस आलं. मग ऊन तापायला लागलं आणि तिचे पाय जळू लागले. आधी बोटं, मग टाचेपर्यंत. ती ओल्या फडक्यात पाय गुंडाळून बसायची. चप्पल सहन होईना म्हणून अनवाणी चालायची, आणि मग जमीन सहन होईना. माय तिच्या तळव्यांना तूप लावून काशाच्या वाटीनं घासायची. घासता घासता वाटी काळी पडते, तशी पडली. मायच्या लेखी तो काळेपणा म्हणजे बाहेर आलेली गरमी. एवढी गरमी नुसत्या उन्हाची नसते, हेही तिनं ठरवून टाकलं. गोळी गरम पडत होती. गरम औषध उन्हाळ्यात घेत नाहीत, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

एका दुपारी मायनं मला विचारलं, "तू शिकेल हायस. सांग, बंद करू का गोयी? का डॉक्टरले इचारा लागते?"

विचारायला अमरावती गाठावी लागली असती. त्या उन्हात तिला मोटारीत बसवून नेणं मला वेडेपणा वाटला. पत्र टाकता आलं असतं. ते मला सुचलंच नाही, आणि त्याचा राग मला आजही येतो. मी म्हटलं, "उनायापुरती बंद कर. मिरुग लागला की सुरू करू."

तरी माय पुरती बंद करायला भीत होती. ज्या दिवशी आभाळ यायचं त्या दिवशी ती एक गोळी द्यायची, ऊन पडलं की नाही. गुलकंद आणि सब्जा मात्र रोज. आणि वाईट म्हणजे बहीण त्या दोन महिन्यांत चांगली दिसत होती. आमचंच बरोबर, असं वाटत राहिलं.

मृगात गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पोळ्याच्या सुमारास तिनं रक्त टाकलं.

अमरावतीला डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि मला एकटीला आत बोलावलं. मी सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तिचे पाय जळत होते, तर मला कळवलं का नाही?"

मी म्हटलं, "उन्हाळ्यात कुणाचे जळत नाहीत, डॉक्टर?"

त्यांनी हातातला फोटो खाली ठेवला. मग म्हणाले, उन्हाचा काही संबंध नव्हता. ही गोळी अंगातलं एक जीवनसत्त्व कमी करते, काहींचे तळपाय त्यानंच जळतात, आणि हे संशोधन झालेलं होतं. सोबत दुसरी एक लहानशी गोळी दिली की थांबतं. मीही विचारायला हवं होतं, असं ते म्हणाले. औषध आज आहे, उद्या नाही, असं झाल्यानं जंतू त्याला सरावले होते. आता ते चालेल असा भरवसा नव्हता, आणि देण्यासारखी दुसरी औषधं फार थोडी होती.

ती लहानशी गोळी त्यांनी त्याच दिवशी सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात मी वॉर्डात गेले तर बहीण खाटेवर पाय सोडून बसली होती. "ताई, पाय नाई जयत आता," ती म्हणाली. तिला सगळ्यात जास्त छळलं होतं ते पायांनीच, म्हणून तिला वाटलं आपण बऱ्या झालो. तिनं चपला मागितल्या. मी जवाहर गेटच्या बाजारात जाऊन घेतल्या आणि बाहेर, रस्त्यात उभी राहून रडले. त्या घालून ती वॉर्डभर सहा-सात दिवस हिंडली. पौषात ती गेली.

डॉक्टर जे बोलले ते मी मायला कधी सांगितलं नाही. तिनंही पाच-सहा वर्षं विचारलं नाही. मग एकदा चुलीपुढे बसली असताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "गोयी गरमच होती ना वं? का मीच मारलं माह्या पोरीले?"

"गरमच होती, माय," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि तव्यावरची भाकर उलटवली. "मीच" म्हणाली ती. बंद कर असं मी म्हटलं होतं, हे ती खरंच विसरली होती की मला वाचवत होती, ते मी तिला विचारलं नाही. मला भीती वाटली.