मंजुळेच्या नावाचे पापड

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते पुडा बांधायचं. यंदाच्या पोह्याच्या पापडांचा पहिला पुडा, रोह्याच्या शेठसाठी. मी दोरा आवळला तशी मंजुळा म्हणाली, "सैल बांधा ओ. पापड हाय, बार्जवरचा कोळसा नाय." मी जन्मभर धरमतरच्या बंदरात हमाली केली, म्हणून हा टोमणा. दुसऱ्या दिवशी दुपारी पापड वाळत घालता घालता ती खाली बसली, ती उठलीच नाय.

बायको चांगली होती असं सगळेच लिहितात. मी लिहितो, ती हुशार होती. पेणहून रोह्याच्या त्या एका दुकानाला तिने वीस वर्षं माल दिला, त्यावर आमचं घर उभं राहिलं. दरवर्षी पहिल्या पापडांचा वानवळा शेठच्या घरी जायचा, फुकट. एकदा शेठने निरोप धाडला, पापड फुलत नाय. मंजुळा गाडी पकडून थेट त्यांच्या स्वयंपाकघरात. "शेठ, पापड नाय बिघडला, तुमचं तेल थंड हाय." शेठची आई पोट धरून हसली. म्हातारीला दात नाय, म्हणून तेव्हापासून तिच्यासाठी पातळ पापड वेगळे लाटायची. मी म्हणायचो, "तू शेठला माल विकतेस का त्याच्या आईला सांभाळतेस?" ती म्हणायची, "दोन्ही एकच हाय. तुम्हाला नाय कळायचं."

गेल्या दिवाळीनंतर शेठची मागणी निम्म्यावर आली. मग बंदच. मंजुळा म्हणायची, "धंदा मंदा असेल त्यांचा..." एका लग्नाला एकटाच रोह्याला गेलो तेव्हा मी दुकानात शिरलो. फळीवर 'मंजुळामावशीचे पापड', छापील पाकिटात. आम्ही कधी पाकीट छापलंच नव्हतं. शेठ पापड दुसरीकडून स्वस्तात करून घेत होता आणि वर हिचं नाव लावत होता. घरी येऊन मी गप्प राहिलो. तिचा जीव तुटेल म्हणून. मागणी बंद, तरी ती त्याच माणसासाठी वानवळ्याचा पुडा करत होती आणि मी दोरा आवळत होतो... हे मला सोडत नाय.

तेराव्याला शेठ हार घेऊन आला. म्हणाला, "काका, मावशीचं नाव आम्ही जिवंत ठेवू." पंगत बसली होती. मी त्याला पानावर बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो पहिला पुडा घेऊन रोह्याला गेलो. दुकानात नाय, त्याच्या घरी. म्हातारीने विचारलं, "मंजुळा नाय आली?" लेकाने तिला सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. ती गेली ते सांगितलं, पाकिटांचंही सांगितलं, काय राखून नाय ठेवलं. म्हातारी रडली. मला वाईट वाटायला हवं होतं, नाय वाटलं. तिने लेकाला बोलावून घेतलं. "तिचं नाव उतरव. आत्ता, गावाच्या देखत."

शेठ म्हणाला, "संध्याकाळी बघतो. आता गर्दीची वेळ हाय."

मी म्हटलं, "म्हणूनच आत्ता."

दुकानात तो स्टुलावर चढून एकेक पाकीट खाली काढत होता. मी गल्ल्याशेजारी बसलो होतो. गिऱ्हाइकं विचारत होती, "शेठ, काय झालं?" तो पुढचं पाकीट काढायचा. मग मीच सांगत होतो, प्रत्येकाला, पहिल्यापासून.