लाल बोट, काळी बोट आणि सुशीलामावशींचा हात

नागपुरातून समुद्र कोणत्याही बाजूला बऱ्यापैकी लांब आहे. त्यामुळे इथे बसून समुद्राबद्दल काहीही लिहिलं तरी तपासायला कोणी जात नाही. या सोयीवर मी चार वर्षं माझं संकेतस्थळ चालवलं. धरमपेठेतल्या खोलीत कूलरसमोर बसून, खोल समुद्रात सुसाट पळणाऱ्या परदेशी बोटींची तुलना करायची: कोणाचं इंजिन दणकट, कोणाचा तळ धारदार, लाटांवर कोण कशी वागते. माहितीपत्रकं वाचायची, व्हिडिओ बघायचे आणि ठोकून द्यायचं. प्रत्यक्षात मी आयुष्यात एकाच बोटीत बसलो होतो. अंबाझरी तलावातल्या, पायडल मारायच्या.

जानेवारीत एका बाईंचा फोन आला.

"तूच का गा थो बोटीवाला?"

या सुशीलामावशी. नागपूरच्याच कळमना बाजारात संत्र्यांचा घाऊक व्यापार करतात, वय साठीच्या पुढे. त्यांची लेक वंदना आणि जावई गोव्यात पर्यटकांना बोटीतून फिरवतात. त्यांना आता जोरात पळणारी बोट हवी होती आणि ती मावशी घेऊन देणार होत्या.

"तुह्यं सगळं वाचलं म्या. दोन बोटी हायेत, एक घ्याची हाय. संग चाल."

"मी कशाला, मावशी?"

"काहून? तुले समजते ना?"

या प्रश्नाला एक खरं उत्तर होतं. ते न देता मी बॅग भरली.

बोटींच्या कंपन्यांची नावं इथे देत नाही. एक इटलीची, एक अमेरिकेची, आणि वकील दोघींकडेही असणार. मावशी त्यांना लाल आणि काळी म्हणायच्या, तेच बरं.

मडगावच्या गाडीत मावशींनी भाकरी आणि जवसाची चटणी काढली, सगळ्या डब्यात संत्री वाटली आणि माझा लेख मोठ्याने वाचला. "लाल बोटीचं मागचं आसन म्हणजे घरचा सोफा. लाटा कशाही असोत, खुशाल बसा." समोरचे गृहस्थ मला म्हणाले, "वा! अनुभवाशिवाय असं सुचत नाही." मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बोगदा होता.

गोव्यात उतरल्यावर मावशी आधी किनाऱ्यावर गेल्या. चपला काढून पाण्यात उभ्या राहिल्या, वाकून बोट बुडवलं आणि चाखलं. "खरंच खारट हाय गा!" त्यांची पाठ वळल्यावर मीही चाखून घेतलं. माझीही पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवी नदीच्या मुखाजवळच्या धक्क्यावर पोचलो. वंदना पर्यटकांना घेऊन गेली होती, दुपारी येणार होती. एकाच विक्रेत्याकडे दोन्ही बोटी शेजारी शेजारी बांधलेल्या होत्या. लाल लांबलचक, निमुळती, नटूनथटून आलेल्या नवरदेवासारखी. काळी रुंद, जड, तोंड पाडून बसलेल्या सासऱ्यासारखी. चालवणारा आंतोन नावाचा पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता.

लाल बोटीत चढल्यावर मावशी थेट मागच्या आसनावर बसल्या.

आंतोन म्हणाला, "बसूं नाकात, उबे रावात." (बसू नका, उभे राहा.) गुडघे थोडे वाकवून, दांडी धरून कसं उभं राहायचं तेही त्याने करून दाखवलं.

"आमच्या साहेबानं लिवलं हाय, खुशाल बसाचं," मावशी म्हणाल्या आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. 'उठा, मावशी.' मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "समुद्र तसा शांतच दिसतो."

नदी संपेपर्यंत खरोखर सोफा होता. मावशी हसत होत्या, पदर फडफडत होता. मुख ओलांडलं, पहिली मोठी लाट आली आणि बोट हवेत गेली. खाली आली ती पाण्यावर नाही, फरशीवर आदळल्यासारखी. आसनावरच्या मावशी वीतभर उडाल्या आणि आडव्या पडल्या. पडताना त्यांनी उजवा हात टेकला. "आई वं!" एवढंच ओरडल्या. आंतोनने लगेच वेग उतरवला आणि बोट हळूहळू मागे वळवली. परत येताना मी त्यांना धरून बसलो होतो. 

डॉक्टरांनी मनगट मोडल्याचं सांगितलं आणि प्लास्टर घातलं. बाहेरच्या बाकावर बसल्यावर मी म्हणालो, "मावशी, मी कधी अशा बोटीत बसलोच नव्हतो. सगळं वाचून लिहितो. समुद्रसुद्धा काल पहिल्यांदा पाहिला."

मावशींनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला.

"थो मानूस उठा म्हनून राहिला होता. तवा काहून नाई बोलला?"

"लाज वाटली."

"तुही लाज अन् माहा हात," त्या म्हणाल्या. मग उठल्या. "चाल. दोन्ही बोटी हायेत अजून. आता तू जा."

दुपारी वारा चढला होता. आंतोन म्हणाला, काळी आत्ता बघा, लाल सकाळी झालीच आहे. मावशींनी मान हलवली. "एक पेटी सकाळी फोडली अन् दुसरी दुपारी, तर माल कसा समजन? दोन्ही आत्ताच, पाठोपाठ."

आधी लाल. मी गुडघे वाकवून उभा राहिलो. सपाट पाण्यावर ती खरोखर बाणासारखी सुटते, पण लाटांवर प्रत्येक उडीला पोटातलं घशात येतं. वळणावर तिची मागची बाजू घसरू पाहत होती. ती सांभाळताना आंतोनच्या कपाळावर घाम होता. मग काळी. उठायला आळशी, वेग घ्यायला वेळ लावते, आणि पाण्याचे फवारे थेट तोंडावर. पण लाटांवर आपटत नाही, त्यांना कापत जाते. हे सगळं मी नीट टिपलं आणि मग कठड्यावरून वाकून सकाळचा भाजी-पाव समुद्राला अर्पण केला.

"पात्रांव (मालक), पयले फावट अशेंच जाता," आंतोन म्हणाला. पहिल्यांदा असंच होतं. तो पहिल्यांदाच हसला होता.

धक्क्यावर वंदना आली होती. आईचा हात बघून तिचा चेहरा उतरला. "आई, हे कसं झालं?"

"पाय सरकला वं," मावशी म्हणाल्या.

माझं तोंड आंबट झालं होतं आणि शर्ट ओला होता. आता वाचवण्यासारखी अब्रूही उरली नव्हती. "पाय नाही सरकला," मी म्हणालो. "मी खोटं लिहिलं होतं. त्यावर विश्वास ठेवून त्या बसून राहिल्या."

वंदना मला काय काय म्हणाली ते इथे लिहीत नाही, पण त्यात चुकीचं काही नव्हतं. तिचं संपल्यावर मावशींनी मला दोन्ही बोटींबद्दल सांगायला लावलं आणि लेकीला म्हणाल्या, "बोट तुले चालवाची हाय. तूच पाय." वंदनाने आंतोनशी बोलून काळी निवडली.

परतीच्या गाडीत मावशींसाठी मी संत्री सोलत होतो. मावशी म्हणाल्या, "लिवनं सोडू नको. पन आधी जाऊन पाय."

घरी आलो आणि चार वर्षांचे लेख एका दुपारी काढून टाकले. आता तिथे एकच लेख आहे, दोन बोटींचा. सुरुवातीलाच लिहिलं आहे की लेखक प्रत्येकीत वीस मिनिटं होता आणि त्यातली काही मिनिटं ओकत होता. वाचक बरेच कमी झाले. उरलेल्यांपैकी कोणी प्रश्न विचारला आणि उत्तर ठाऊक नसलं, तर मी 'ठाऊक नाही' असं लिहितो. लिहिताना अजूनही थोडी लाज वाटते. पण त्या लाजेने कोणाचं हाड मोडत नाही.