लाल फुलीवरची जागा

माझ्या मैत्रिणीच्या आत्यावर अन्याय झाला आहे. गेल्या मंगळवारी, सकाळी सव्वादहाला, ती चहाला आधण ठेवायला आत गेली तेवढ्यात. रस्तारुंदीच्या कामावरची दोन माणसं रंगाचा डबा घेऊन आली, तिच्या दगडी ओट्यावर लाल फुली मारली आणि चहा न घेता निघून गेली. फुलीचं पुढे सांगते. पण आत्याच्या दारावरून चहा न घेता जाणारी माणसं बारामतीत तरी हीच पहिली असावीत. आलेल्या माणसाला राहतं करून घेण्यात या बाईचा हात धरणारं कुणी अख्ख्या पुणे जिल्ह्यात जन्मलेलं नाही.

जुन्या बारामतीतून कऱ्हा नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत ती राहते. गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोरच्या दोन घरांत बसल्या जागेवरून विरजण देता-घेता यावं. दुपारी उन्हाची एकच पट्टी वरून खाली येते आणि मांजरासारखी या ओट्यावरून त्या ओट्यावर सरकत राहते. तिला वाट देत गल्लीतली मंडळीही सरकतात, मधेच पेंगतात, पेंगता पेंगता बोलतात. कुठून तरी कढीपत्त्याच्या फोडणीचा वास येतो, शेजारच्या चाचांच्या दुकानात बांगड्या किणकिणतात, आणि या सगळ्याच्या खाली आत्याचं शिलाई मशीन संथ चालू असतं. ती साड्यांना फॉल-पिको करते, तेही ओट्यावरच, कारण आत बसलं तर “येणारा-जाणारा न बोलताच जातो की.”

तिला कुणी पत्ता विचारू नये. विचारलाच तर ती जवळची वाट कधीही सांगत नाही. “सरळ जाऊ नगा, डावीकडनं जावा. तितं चिंच हाय, जरा गार वाटंल.” माणूस डावीकडून जातो, चिंच ओलांडतो, दोन वळणं घेतो आणि पुन्हा आत्याच्या ओट्यासमोर उगवतो. तोवर चहा झालेला असतो. एका कुरिअरवाल्याला तिने असं तीनदा फिरवलं. तिसऱ्या फेरीला तो पार्सल बाजूला ठेवून मुकाट्याने बसला. आता त्याला त्या गल्लीत काही द्यायचं नसलं तरी तो येतो.

मी स्वतः दोन दिवसांसाठी गेले होते. निरवांगीहून, एका शिबिराला. काटेवाडीच्या याच मैत्रिणीने आत्याचा पत्ता दिला, आणि मी राहिले अकरा दिवस. कारण या गल्लीत पाहुणा एका घराचा नसतो, गल्लीचा असतो, आणि त्याची वाटणी आत्या करते. झोप तिच्याकडे, आंघोळीचं पाणी समोरच्या काकूंकडे, सकाळचा चहा चाचांकडे, जेवण ज्याचा वास आधी येईल त्याच्याकडे. मी तिसऱ्या दिवशी पिशवी भरली, तर समोरून काकू म्हणाल्या, “अगं, उद्या आमच्यात थालीपीठ हाय, तुझं पीठ धरलंय.” धरलेलं पीठ सोडून जाण्याइतकी मी कठोर नाही. चाचा हसून म्हणाले, “ताईंनी धरलेला पाहुणा सुटत न्हाय. मी स्वतः चाळीस वर्षांपूर्वी भाड्याची खोली बघायला आलोवतो.”

पाहुण्यांची नावं तिच्या लक्षात राहत नाहीत. गावं राहतात. ओट्यावर प्रत्येक गावाची जागा ठरलेली आहे. भिंतीला टेकायची ती सणसरची, खांबाजवळची इंदापूरची, आणि कडेला, जिथे पाय सोडून बसलं की दगड पोटऱ्यांना गार लागतो, ती निरवांगीची. माझी. “निरवांगी, सरक जरा, सणसर आलंय,” असं ती म्हणते आणि एक अख्खं गाव दुसऱ्या गावाला जागा करून देतं. अकरा दुपारी मी तिथे बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाला काही पटवून द्यायचं नव्हतं.

आता जे लिहायचं ते सरळ लिहिते. दोन वर्षांपूर्वी मी एक पत्रक लिहिलं होतं. ‘जुन्या बारामतीचे बोळ मोकळे करा, ओटे हटवा, रस्ता रुंद करा.’ त्या बोळांत मी तोवर एक दुपारही काढलेली नव्हती. पत्रक घरोघर वाटलं, भाषा धारदार होती, आणि तिचा उपयोग झाला: रुंदीचं काम मंजूर झालं.

मंगळवारी मैत्रिणीचा फोन आला तशी मी गेले. फुली बरोबर निरवांगीच्या जागेवर होती. आत्याने ती पुसली नव्हती. वर धुतलेली सतरंजी मात्र घातली होती.

“आत्या, हे काय आहे कळलं का तुम्हाला?”

“व्हय. कुणीतरी जागा धरून गेलंय. एस्टीत रुमाल टाकत्यात तसं. येतील बसायला.”

तिला खरंच तसं वाटत होतं की मला त्रास नको म्हणून ती बोलत होती, मला आजही सांगता येत नाही. मी पत्रकाचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने मशीनच्या खणातून कागद काढला. माझंच पत्रक. त्याचा तिने ब्लाउजच्या गळ्याचा नमुना कापला होता. मधला मजकूर गोल निघून गेला होता आणि खाली माझं नाव राहिलं होतं.

“कागद जाड हाय तुमचा,” ती म्हणाली. “नाव मी तवाच वाचलंय. तू पहिल्यांदा आलीस तवाच.” आणि कप माझ्या हातात दिला. अकरा दिवस तिने माझी जागा ठरवून दिली होती, आणि तिला सगळं माहीत होतं. उन्हाची पट्टी माझ्या पायांवरून चाचांच्या पायरीकडे गेली.

ते पत्रक मी इथे मागे घेते आहे. त्यातला एकेक शब्द.

येत्या सोमवारी सकाळी दहाला ती माणसं ओटा काढायला येणार आहेत. तुम्ही नऊला या. फलक आणू नका, घोषणा नकोत, ती मशीन चालवत असते. फक्त गावाचं नाव सांगा आणि ती दाखवेल तिथे बसा. ती माणसं आली की त्यांनाही सरकून जागा द्या, त्यांचा चहा राहिलेला आहे. आणि फुलीवरची सतरंजी तेवढी रिकामी ठेवा. ती जागा निरवांगीची आहे, आणि मी निघाले आहे.