मंगलताईंना प्रार्थना नको होती

गेल्या गुरुवारी सकाळी आठपासून मी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका हॉस्पिटलात बसून होतो. मांडीवर एका बाईंची पर्स, चष्मा आणि मोबाईल... आणि त्या बाईंना मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं होतं.

त्या मंगलताई. सटाण्याच्या, निवृत्त गणिताच्या शिक्षिका आणि पक्क्या नास्तिक. आम्ही दोघं एका ऑनलाईन ग्रुपमध्ये आहोत, जिथे ख्रिस्ती आणि नास्तिक माणसं श्रद्धेवर बोलतात. दर रविवारी संध्याकाळी सहाला कॉल असतो. मी देवाची बाजू मांडतो, त्या माझा एकेक मुद्दा खोडतात... मास्तरीणबाई वही तपासतात ना, तशा.

खरं सांगायचं तर ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालो, मग बायको, शालिनी, गेली, आणि घरात बोलायला कुणी उरलं नाही. मुलगा बंगळुरूला असतो. त्याचा फोन येतो, "बरं आहे ना पप्पा?"... मी म्हणतो "हो", आणि तिथेच संपतं. रविवारच्या कॉलची तयारी मी शनिवारपासून करायचो, बायबलमधली वचनं शोधून कागदावर लिहून ठेवायचो. निदान तासभर कुणीतरी माझ्याशी भांडायचं.

दोन आठवड्यांपूर्वी मंगलताईंनी ग्रुपवर लिहिलं, की पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन आहे, नाशिकला. लगेच आमच्या बाजूचे मेसेज सुरू झाले... प्रार्थनेत आठवण ठेवतो, प्रभू सांभाळेल, वगैरे.

थोड्या वेळाने त्यांचा मेसेज आला. "सगळ्यांचे आभार. पण मला प्रार्थना नको. हॉस्पिटलवाले सोबत कुणीतरी पाहिजे म्हणतात. बाहेर बसायला कुणी येईल का?"

 आईचं दहावं-तेरावं करायला मंगलताईंनी विरोध केला होता, तेव्हापासून भाऊ बोलत नाहीत, हे आम्हाला माहीत होतं. नाशिकचा मी एकटाच... मी लिहिलं, "मी येतो."

फॉर्मवर सही करताना नर्सने विचारलं, "पेशंट कोण तुमच्या?"

मी अडखळलो. म्हटलं, "आम्ही एका ग्रुपमधले."

"बचत गट का?"

स्ट्रेचरवरून मंगलताई हसल्या. "नाही हो सिस्टर, भांडण गट." आणि त्यांना आत नेलं.

मी हात जोडले. "हे प्रभू..." म्हटलं, आणि पुढे काहीच येईना.

हे मला नवीन नव्हतं. दोन वर्षांपूर्वी शालिनीसाठी मी असाच एका हॉस्पिटलात बसून सतरा दिवस प्रार्थना केली होती. ती गेली. देवाचा राग आला असता तर बरं झालं असतं, पण रागही आला नाही. नुसते शब्द संपले. चर्चला मी अजून जातो, गीतांना ओठ हलवतो, पाळकसाहेबांशी हात मिळवून घरी येतो... हे मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "काका, आम्ही इथून प्रार्थना करतोय, तुम्हीही करा." मी टाईप केलं, "करतोच आहे." पाठवलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. मग दोन तास नुसता ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे बघत बसलो.

ऑपरेशन नीट झालं. दुपारी त्यांना खोलीत आणलं, गुंगी अजून पुरती उतरली नव्हती. डोळे न उघडताच त्या अहिराणीत पुटपुटल्या, "कोन शे?"

"मी सुधाकर... ग्रुपमधला."

जरा वेळाने चांगल्या शुद्धीवर आल्या. मी चष्मा दिला, तो लावून माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "केलीत ना शेवटी प्रार्थना? खरं सांगा."

हो म्हणणं सोपं होतं. पण त्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यासमोर मला खोटं बोलवेना.

"नाही जमली, ताई. मिसेस गेल्यापासून जमतच नाही. चर्चमध्येही नुसता उभा असतो."

म्हटलं, आता या जिंकल्या. इतक्या रविवारच्या वादाचा निकाल मीच त्यांच्या हातात दिला होता. पण सलाईन लावलेला हात त्यांनी हळूच उचलला आणि माझ्या मनगटावर ठेवला.

"मग इतका वेळ काय केलंत?"

"बसलो होतो."

"तेवढंच मागितलं होतं मी," त्या म्हणाल्या. मग डोळे मिटत पुटपुटल्या, "ग्रुपवर नाही बोलणार मी हे. काळजी करू नका."

परवा रविवारी कॉलवर एकजण उत्साहाने म्हणाला, "ताई, बघा, काकांची प्रार्थना ऐकली गेली की नाही?"  मंगलताई घरून, लोडाला टेकून बोलत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "काका आले होते. दिवसभर होते." आणि विषय बदलला.

कॉल संपला. घर नेहमीसारखं शांत झालं... पण त्या शांततेत मला माझाच खोटेपणा टोचायला लागला. जी बाई देव मानत नाही, ती माझ्या श्रद्धेची अब्रू राखत होती, आणि मी तिच्याआड लपून बसलो होतो. म्हणून आज हे सगळं लिहितोय. चर्चमधली माणसं वाचतील, मुलगाही वाचेल... वाचू देत.

मंगलताई, तुमचे आभार. आता झाकायला काही उरलं नाही, येत्या रविवारी खुशाल भांडा माझ्याशी. देव आहे, असं मी अजूनही म्हणेन. फक्त सध्या आमचं बोलणं बंद आहे.