मधली प्लायवूडची फळी

मुलुंडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्यात तीन लेथ मशिनं होती आणि त्यांवर काम करणारी बाई एकच, मालन परब. बाप गिरणीत राबलेला. लेकीने आयटीआयला टर्नरचं काम शिकून घेतलं, तेव्हा त्याने चाळभर पेढे वाटले होते. गाळ्यात मात्र पहिल्याच दिवशी शेजारच्या मशिनवरचा अंबादास म्हणाला, "ही काय इथे रांगोळी काढणार?"

अंबादासचा हात भलताच चपळ. त्याचे दिवसाला दीडशे पितळी बुश, म्हणजे यंत्रात बसवायच्या पोकळ नळ्या, निघायचे, मालनचे शंभर. मालक नंदकुमार येता-जाता सुनवायचा, "अंबादासकडे बघ जरा." मालन बघायची, आणि तिथेच घोटाळा व्हायचा. त्याने कितवा बुश काढला हे तिला पाठ, स्वतःचा कितवा ते आठवायचं नाही. ती घाई करायला लागली, तसा तिचा माल परत यायला लागला. एका आठवड्यात एकवीस नग. अंबादासने ते दोरीत ओवले आणि तिच्या मशिनला माळ अडकवली. "घे, सत्कार तुझा!"

सगळा गाळा खिदळला. मालनने माळ काढून त्याच्या पायाशी भिरकावली. दुसऱ्या दिवशी तिने प्लायवूडची फळी आणून दोन मशिनांच्या मध्ये ठोकली.

"हे काय नाटक?"

"तू दिसायला नकोस म्हणून."

"मी, की माझं काम?"

खोटं बोलता आलं असतं. "काम," ती म्हणाली. "तू फास्ट आहेस. ते बघून माझा हात बिघडतो. आता नाही बघणार."

जेवणाच्या सुट्टीत त्याने फळी उखडली. तिने परत ठोकली. तिसऱ्या दिवशी त्याने लाथ उगारली, तर ती पाना घेऊन उभी. "लाव पाय. लावच!"

नंदकुमार दोघांवर खेकसला. "राहू दे महिनाभर. मग आकडे बघतो."

पहिले काही दिवस ती कान देऊन त्याच्या मशिनचा आवाजच ऐकत होती. मग चिडून तिने फळीवर खडूने रोजची स्वतःची चूक लिहायला सुरुवात केली. टूल बोथट. माप न घेता काढला. घाई. नग ऐंशीवर आले.

"असंच चाललं तर घरी बस," नंदकुमार म्हणाला.

"बसते. पण त्याआधी परत आलेला एक बुश दाखवा."

महिनाअखेर एकही परत आला नव्हता. आकडा एकशे दहावर गेला होता. अंबादासचा अजून दीडशेच. तरी पातळ, नाजूक बुशांची नवी ऑर्डर नंदकुमारने मालनला दिली.

"बाई म्हणून काय?" अंबादास उसळला.

मालनने ट्रे त्याच्यापुढे आपटला. "गेज लाव, माप बघ."

त्याने अकरा नग तपासले. अकराही बरोबर. गेज फेकून, शिवी हासडून तो चहाला गेला. मालनने पुढचा नग मशिनला लावला.

याला तीन वर्षं झाली. दोघं अजून बोलत नाहीत. अंबादास आपला आकडा मुद्दाम मोठ्याने सांगतो आणि तो ऐकून मालनचं डोकं आजही तडकतं. गेल्या महिन्यात नाहूरच्या एका कारखानदाराने तिला बोलावून विचारलं, "दिवसाला किती काढता?"

"एकशे दहा," ती म्हणाली. "कमी वाटत असतील तर दुसरा माणूस बघा."