कुत्र्याच्या छत्रीचं बारसं

आमच्या भागात पावसाळ्यात उगवणाऱ्या सगळ्या भूछत्रांना एकच नाव, कुत्र्याची छत्री. नांदेडच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि या सरसकट नावाची मला चीड होती. कंधारकडच्या माळावर वारुळांवर येणारी भूछत्रं मी विद्यार्थ्यांकडून मागवून घेतली. काही राखाडी, काही पांढरी. पांढरी ही नवीच प्रजाती, असं मी ठरवून टाकलं आणि कंधारवरून तिला लॅटिन नाव दिलं. स्टाफरूममध्ये सहकारी विचारायचे, "काय सर, कुत्र्याच्या छत्रीचं बारसं कधी?"

माझ्या हाताखाली पीएच.डी. करणारी लातूरची एक मुलगी मात्र मान्य करत नव्हती. ती एका वारुळापाशी दिवसभर बसून आली होती.

"सर, सकाळी राखाडी असतंय, तेच उन्हानं दुपारी पांढरं पडतंय. दोन न्हाईत, एकच हाय ते."

"बारसं ठरलंय, अन् तू म्हणून राहिलीस बाळच नाही!" मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणालो.

सगळे हसले. तीही हसली, हसावं लागलं म्हणून.

शोधनिबंधावर माझ्या नावाशेजारी मी तिचं नाव घातलं. तिला विचारलं नाही. केवढं मोठं मन, असं लोक म्हणाले, आणि मलाही ते खरं वाटलं. पण त्या नावानेच तिचं तोंड बंद झालं. स्वतः जाहीर केलेली प्रजाती ती स्वतःच्या प्रबंधात कशी खोडणार? दोन्ही एकच आहेत हे सांगणारं प्रकरण मी तिला प्रबंधातून काढायला लावलं.

आता दुसऱ्यांनी डीएनए तपासून दाखवलं, दोन्ही एकच. वर लिहिलं, मूळ लेखकांनी उगवतं भूछत्र नीट पाहिलेलं दिसत नाही. लेखकांनी, म्हणजे तिनेही. पाहिलं होतं ते फक्त तिने. मी पाहिली ती वाळवून पाकिटात भरलेली. एवढं तरी माझ्या हाताने लिहिलेलं असावं.

मी लातूरला फोन केला. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "सर, त्या नावापुढचं माझं नाव काढता येतं का?"

प्रजाती रद्द झाली तरी ते लॅटिन नाव जुन्या नावांच्या यादीत राहतं, आणि ठेवणाऱ्यांची नावं त्याला चिकटून राहतात.

"नाही येत," मी म्हणालो.

"माहितीय. तुम्हीच शिकवलंय." मागे कुकरची शिट्टी झाली. "ठेवते, सर."