शेवटच्या बाकावरच्या नवसीताई

जुलैतल्या एका दुपारी नवसीताई ओले हात पदराला पुसत स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, सतरा नंबरचा फॉर्म तुमच्याकडंच मिळतो ना?"

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न येता बाहेरून दहावीला बसायचा अर्ज. पाड्यावरच्या कुणा शाळा सोडलेल्या मुलासाठी विचारत असतील, असं वाटून मी तपासत असलेल्या वहीतून मान न काढताच म्हटलं, "कुणाला हवाय?"

"मला."

बेटेगावच्या बाजूला आमचं हायस्कूल आहे. तिथं पाचवी ते आठवीच्या मुलांना नवसीताई नऊ वर्षं खिचडी, वरणभात, मटकी रांधून वाढत होत्या. वय सदतीस. माहेर सफाळ्याच्या आत डोंगराकडचं. आईबाप दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे, त्यात यांची शाळा सातवीनंतर सुटली ती सुटलीच. नवरा महादू बोईसरला एका कंपनीत कंत्राटी कामाला. आणि एकुलती एक मुलगी दीपा त्याच वर्षी दहावीत, माझ्याच वर्गात.

"अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली होती," त्या म्हणाल्या. "बारावी पायजे बोलले. बारावीला दहावी पायजे. आन् मी सातवी. मग मागनंच सुरू करायला लागंल ना?"

मला फार आनंद झाला. आनंदाच्या भरात मी मुख्याध्यापकांकडं जाऊन परवानगीही काढली, की भांडी घासून झाली की अडीचनंतरच्या तासांना नवसीताईंनी वर्गात येऊन बसावं. दीपाला विचारायचं मात्र मला सुचलं नाही. ती दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात मला आडवी आली. "सर, ती दुसऱ्या तुकडीत नाय बसणार?"

"तुकडी एकच आहे गं."

"मग तिला सांगा, वर्गात मला हाक नाय मारायची."

नवसीताईंनी ते पाळलं. शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून त्या बसायच्या. बसायच्या म्हणजे काय, त्यांचं बूड काही टेकायचं नाही. मधेच उठून गॅस बंद केलाय का पाहून यायच्या. परत आल्या की शेजारी बसणाऱ्या पूर्वी नावाच्या मुलीला ढोसून विचारायच्या, "काय गेलं माझं?" बीजगणितातला 'क्ष' म्हणजे नक्की कोण, यावर त्यांनी एक अख्खा तास खाल्ला. पोरं हसायची, पण त्यांना मावशी मावशी करून प्रमेयं समजावून द्यायची. दीपा पहिल्या बाकावर, पाठमोरी.

त्या वर्षभरात मी एक चूक पुन्हा पुन्हा केली. कुणी गृहपाठ आणला नाही की म्हणायचो, "मावशींकडं बघा. शंभर पोरांचं जेवण करून अभ्यास करतात. तुम्हाला काय धाड भरलीय?" तेव्हा सगळा वर्ग मागं वळून बघायचा. दीपा वळायची नाही. पहिल्या चाचणीत ती वर्गात सातवी होती, सहामाहीत सतरावी झाली. मी तिला बोलावून विचारलं, तर म्हणाली, "करते सर." मी सोडून दिलं.

फेब्रुवारीत निरोप समारंभ झाला. भाषणं ऐकून कंटाळा येतो म्हणून मी ठरवलं, प्रत्येकानं उभं राहून दोनच गोष्टी सांगायच्या: या शाळेतलं काय आठवतं आणि दहा वर्षांनी तू कुठं असशील. कुंदन म्हणाला, स्वतःचं वेल्डिंगचं दुकान. पूर्वीला औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत जायचं होतं, "गेटवर नाय, आत." अंकुश पोलिसात जाणार होता आणि त्याच्या उंचीवरून वर्ग इतका हसला की तोही हसत खाली बसला.

दीपा उठली. "आठवायचं तर... पाचवीत आई वाढायला असायची. मी रांगेत मुद्दाम शेवटी जायची. ती मला पातेल्याच्या बुडाची खरवड द्यायची. कोणाला माहीत नव्हतं." मग थांबली. "दहा वर्षांचं मला नाय माहीत." आणि ती बसली.

नवसीताईंची पाळी आली तेव्हा त्या पदर सारखा करत उठल्या. "मला तर तुमी सगळे आठवता. हा अंकुश मटकी हळूच खिशात घालायचा. कुंदन तीनदा भात घ्यायचा. तुमी उंच झाले, मी हाय तिथंच हाय." हशा पिकला. "पुढचं नका विचारू." त्या समोर दीपाच्या वेणीकडं बघत होत्या.

मार्चमध्ये परीक्षा झाली. बोईसरच्या एकाच केंद्रावर मायलेकी जायच्या, महादू दोघींना सोडायचा. येताना मात्र दीपा मैत्रिणींबरोबर यायची.

मे महिन्यात निकाल लागला. नवसीताई एकट्याच शाळेत आल्या होत्या. मी मोबाइलवर आधी त्यांचा निकाल काढला. चव्वेचाळीस टक्के. गणितात काठावर, पण पास. मी ओरडलोच. त्या म्हणाल्या, "तिचा बघा."

दीपा गणित, विज्ञान आणि इंग्रजी, तीन विषयांत नापास होती.

मी दोनदा बैठक क्रमांक ताडून पाहिला. नवसीताईंनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, परत दिला. मग त्या स्वयंपाकखोलीकडं गेल्या. सुट्टीमुळं शाळेत स्वयंपाक बंद होता. तरी त्यांनी मोठं पातेलं बाहेर काढलं आणि घासायला घेतलं. घासून झालेलं पुन्हा घासलं. मी जवळ जाऊन उभा राहिलो तेव्हा म्हणाल्या, "सर, फळ्यावर माझं नाव नका लिहू. फोटो पण नको."

संध्याकाळी दीपा घरी नव्हती. मैत्रिणीकडून निकाल कळल्यावर ती पाम गावात मावशीकडं, लाडकीकडं निघून गेली होती. चार दिवस आली नाही. फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी नवसीताई आणि मी पामला गेलो.

लाडकीच्या ओट्यावर दीपा प्लॅस्टिकच्या झाकणांत रबरी चकत्या बसवत होती. कुठल्याशा कारखान्याचं ते घरी आणलेलं काम. आम्हाला बघून तिचे हात थांबले नाहीत.

मी म्हणालो, "फेरपरीक्षा आहे दीपा, जूनअखेर. अजून वेळ आहे."

"आई झाली ना पास? बस झालं."

"असं काय बोलते?" नवसीताई म्हणाल्या.

"मग कसं बोलू? तू पुस्तक घेऊन बसायचीस. पाणी कोण भरायचं? भात कोण लावायचं? बाबाचा डबा? तू गणित करायचीस तेव्हा मी भाकऱ्या थापायची. विचारलं कोणी?" मग माझ्याकडं वळून, "तुमी सर रोज बोलायचे, मावशींकडं बघा. मी तेच तर बघत होते."

नवसीताई ओट्याच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, "मला वाटलं, तू हौसेनं करतेस."

"हौसेनंच करत होते आधी," दीपा म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

नवसीताईंनी तिला जवळ ओढलं नाही की समजावलं नाही. झाकणांचं पोतं आपल्याकडं सरकवलं आणि चकत्या बसवायला लागल्या. मी लाडकीनं दिलेला काळा चहा पीत बसलो. निघताना दीपा आमच्याबरोबर आली नाही.

ती तीन दिवसांनी आली. घरी न जाता सरळ माझ्याकडं. "फॉर्म भरते. पण तिच्यासाठी नाय भरत." मी म्हटलं, बरं.

जूनभर मी तिला रोज संध्याकाळी गणित शिकवलं. वर्गात कुणाकडं बघा असं आता माझ्या तोंडून निघत नाही. निघायला लागलं तर जीभ अडखळते. घरी काय चाललं होतं ते महादूनं सांगितलं: नवसीताई पहाटेच सगळं आवरून ठेवायच्या आणि दीपाला चुलीजवळ फिरकू द्यायच्या नाहीत. त्यावरूनही दोघींची भांडणं व्हायची. "घरात दोन वावटळी शिरल्यासारखं झालंय सर," तो म्हणाला. "एक बसली की दुसरी उठते."

फेरपरीक्षेत दीपाचे दोन विषय सुटले, इंग्रजी तेवढं राहिलं. एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळाला. बोईसरच्या कॉलेजात जाते आता. आईशी बोलते, पण मोजकं.

ऑगस्टमध्ये नवसीताई पुन्हा माझ्या दारात. "बारावीचा सतरा नंबर कधी निघतो?"

मी चौकशी करून सांगितलं, दहावीनंतर दोन वर्षं जावी लागतात, मगच बाहेरून बारावीला बसता येतं.

त्यांनी बोटं मोजली. मोजता मोजता थांबल्या. "म्हंजे दीपाच्याच वर्षाला?"

"हो. पुन्हा एकत्रच."

त्या दारातून आत आल्या, खुर्चीला हात लावला, बसल्या नाहीत. बाहेर पोरांची ताटं वाजायला लागली होती.

"तिला तुमी सांगा सर," त्या म्हणाल्या. "मी नाय सांगणार." आणि गेल्या.

याला तीन आठवडे झाले. दीपा दोनदा इंग्रजीच्या शंका घेऊन येऊन गेली. मी अजून तिला सांगितलेलं नाही.